पाणी दिसत होतं

मागच्या जुलैमध्ये आमच्या गल्लीतली लाईट गेली ती मध्यरात्रीनंतर, एक मोठा आवाज झाला, कुणी म्हणालं ट्रान्सफॉर्मर उडाला, कुणी म्हणालं खोदकामात केबल तुटली, आणि सकाळ झाली तरी कुणाकडे धड उत्तर नव्हतं. ठाण्यात चरईतलं आमचं घर जुनं, तळमजला आणि वर एक माडी, मागच्या अंगणात विहीर. सकाळी समोरच्या बिल्डिंगमधली चौथ्या मजल्यावरची मुलगी, नुकतंच लग्न होऊन आलेली, रंगाच्या दोन रिकाम्या बादल्या घेऊन फाटकाशी आली. "काकू, विहिरीचं पाणी मिळेल का थोडं?" मी म्हटलं, अगं घे ना, विचारतेस काय. दोघी मागे गेलो, विहिरीवरची जाळी ओढून बाजूला केली आणि तिथेच थांबलो. पावसाने विहीर चांगली चढलेली, कठड्यापासून जेमतेम आठ-दहा फुटांवर पाणी, त्यात ढगाळ आभाळ आणि आम्हा दोघींची वाकलेली डोकी. आणि ते पाणी वर आणायला अख्ख्या घरात काही नव्हतं. दोर नाही, पोहरा नाही, रहाट तर कधीचाच गेलेला. मोटर आहे, पण मोटरला लाईट हवी.

पाणी दिसत होतं आणि मिळत नव्हतं.

ती मुलगी काही बोलली नाही, मीही नाही. पण ते उभं राहणं माझ्या डोक्यातून अजून जात नाही. घरात इन्व्हर्टर आहे, त्यावर रात्रभर पंखा चालला, वायफाय चाललं, मोबाईल चार्ज झाले. मोटर मात्र त्यावर चालत नाही, सुरू होताना ती एकदम कितीतरी पट करंट खेचते आणि आमच्यासारखा साधा घरगुती इन्व्हर्टर तो झटका सोसत नाही. म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेली मॅच आम्हाला बघता आली असती पण परसातलं पाणी आठ फूट वर आणता येत नव्हतं. ज्या घरात विहीर आहे त्या घराला पाण्याची काळजी नाही असं आम्ही लग्न होऊन आल्यापासून ऐकत आलेल्या बायका. पाहुण्यांना कौतुकाने विहीर दाखवणारं हे घर. मे महिन्यात टँकरवाल्यांचे भाव वाढले की "आमच्याकडे विहीर आहे हो" असं सहज म्हणणारं.

मग अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडली आणि त्या मुलीच्या एका बादलीला बांधून खाली सोडली. ज्याने हे कधी केलं नाही त्याला वाटेल यात काय आहे. प्लास्टिकची बादली पाण्यावर पोचते आणि उभीच्या उभी तरंगत राहते. आत पाणी शिरतच नाही. दोरी हलवली की ती डुलते, भिंतीला आपटते, परत उभी. पूर्वीच्या पोहऱ्याचं तसं नसायचं, लोखंडाचा किंवा पितळेचा, स्वतःच्या वजनाने आडवा व्हायचा आणि डुबूक करून भरायचा. इकडे ओली नायलॉनची दोरी बोटांत रुतत होती, वरून बारीक पाऊस सुरू झालेला, विहिरीतून तो ओला थंड वास येत होता, शेवाळाचा, दगडांच्या सांध्यातल्या नेच्यांचा, आणि थोडासा लोखंडाचा.

तेवढ्यात त्या बिल्डिंगमध्ये साफसफाई करणाऱ्या मावशी बादली घेऊन आल्या. त्यांनी क्षणभर बघितलं, म्हणाल्या, "ताई, द्या इकडं." दोरी घेतली, बादली पाण्यावरून हातभर उचलली, मनगटाने एक हिसडा दिला तशी ती तोंडावर पडली, बुडाली, आणि पुढच्या क्षणी दोरी ताठ. मग एक हात, दुसरा हात, एक हात, दुसरा हात, बादली कुठेही न आपटता सरळ वर. कठड्यावर टेकवताना पाण्याचा एक थेंब सांडला नाही. मी आ वासून बघत राहिले. "आमच्याकडं रोजचंच आहे हे," त्या म्हणाल्या, आणि दुसरी बादली सोडली.

मावशी शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यातल्या.

शहापूर म्हटल्यावर ठाण्यातल्या माणसाला काही सांगायला नको. भातसा तिथे, तानसा तिथे. मुंबईच्या नळाला येतं त्यातलं कितीतरी पाणी त्या तालुक्यातलं, आणि ठाण्याच्याही वाट्याला भातसेचं पाणी येतं, पिसे इथल्या बंधाऱ्याशी ते पंपाने उचललं जातं आणि शुद्ध होऊन पाईपातून आपल्याकडे. आणि दर उन्हाळ्यात पेपरात फोटो येतात ते त्याच तालुक्यातल्या पाड्यांचे, कोरड्या विहिरीभोवती हंडे मांडलेले, टँकर आला की धावणाऱ्या बायका, काही ठिकाणी तर विहिरीत उतरून वाटीने पाणी भरणाऱ्या पोरी. हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत आहे. पण माहीत असणं निराळं आणि त्या तालुक्यातली बाई तुमच्या अंगणात उभी राहून तुमच्याच विहिरीतलं पाणी तुम्हाला काढून देते ते बघणं निराळं. तिच्या गावाजवळचं पाणी पंपाने माझ्याकडे आलं म्हणून माझे हात ते काम विसरले. तिच्या हातांना विसरायची सवड मिळालीच नाही. मी तिला विचारलं, तिकडे आता नळ आले असतील ना. "पाईप आलाय," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. नळालाही त्या दिवशी पाणी आलं नव्हतं. बिल्डिंगींचं दुखणं तर फार विचित्र असतं, खाली अंडरग्राउंड टाकीत हजारो लिटर पाणी पडलेलं आणि वरच्या टाकीत थेंब नाही. एका सोसायटीत जनरेटर होता तो लिफ्टपुरता, त्यातलं डिझेल सकाळीच संपलं. लोक टाकीचं झाकण उघडून गुडघ्यांवर बसून बादल्या बुडवत होते, पातळी खाली गेली तशी तीही सोय संपली. मग माणसं आमच्याकडे यायला लागली. रांग अशी नाही, पण एकेक करत. सातव्या मजल्यावरचे रिटायर्ड काका पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन, जिन्यात दर मजल्यावर टेकत टेकत नेणारे. लहान बाळाची आई. इस्त्रीवाला, वॉचमन, कॉलेजची पोरं. कुणीतरी घरून जाड सुती दोर आणला, कुणी स्टीलची बादली, जी नीट बुडते. पोरांना हिसडा जमायला लागला तशी त्यांच्यात चढाओढ लागली. सहा महिन्यांत एकमेकांशी न बोललेली माणसं कठड्यापाशी उभी राहून बोलत होती. आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडत होतं, आणि त्याच वेळी घरात इतकी माणसं, इतकी चिखलाची पावलं, याचा त्रासही होत होता. दोन्ही खरं.

सासूबाई मागच्या ओटीवर खुर्ची टाकून हे सगळं बघत होत्या. त्या या घरात लग्न होऊन आल्या १९६६ साली. तेव्हा रहाट होता. विहिरीच्या दोन बाजूंचे ते दगडी खांब अजून आहेत, त्यांच्या डोक्यावरच्या खाचांत लाकडी आडवा दांडा असायचा आणि त्यावर चाक. आता त्याच खांबांना कपड्यांची दोरी बांधलेली असते. पहाटे उठून पाणी ओढायचं हे सुनांचं काम, सासूबाई आणि त्यांच्या दोन जावा. बंबाला पाणी, मोरीतलं पिंप, स्वयंपाकघरातला हंडा, संडासाचं वेगळं, झाडांना, गाईला. नवऱ्याच्या लहानपणीच्या आठवणीत पहिला आवाज म्हणजे रहाटाची कुरकुर, तो आवाज आला की पांघरुणात समजायचं की पहाट झाली. तो हे फार जिव्हाळ्याने सांगतो. सासूबाई कधीच सांगत नाहीत. मी एकदा कौतुकाने विचारलं तेव्हा त्यांनी मला खांदा दाखवला होता, उजवा, जो आता वर होत नाही. "पोटुशी असतानाही ओढलंय," म्हणाल्या. "सातव्यापर्यंत."

मोटर बसली ऐंशीच्या दशकात. त्या दिवसाचं त्या अजून सांगतात, हे मात्र आपणहून सांगतात. बटण दाबलं, आधी पाईपातून हवा आली, मग गढूळ, मग स्वच्छ धार, आणि त्यांनी त्या धारेखाली नुसता हात धरून ठेवला, कितीतरी वेळ. सासऱ्यांनी नारळ फोडला. थोड्या वर्षांनी रहाट उतरवला, लाकूड कुजलं होतं, चाक माळ्यावर गेलं आणि पुढे कधीतरी भंगारात. कुणाला हळहळ वाटल्याचं सासूबाईंना आठवत नाही.

पुढे विहीर घरात असूनही डोळ्यांआडच गेली. २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, ठाण्यातही हाहाकार होता, पण विहीर काठोकाठ भरलेली, वाकून तांब्या बुडवता येईल इतकी. पाणी गढूळ होतं, गटाराचं शिरलं असेल या भीतीने नंतर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून उपसून काढलं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी ग्रीड फेल होऊन मुंबई-ठाणे-नवी मुंबई बंद पडली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या, कोविडचे दिवस, हॉस्पिटलांची काळजी. पण आमची वरची टाकी नुकतीच भरलेली होती आणि दुपारनंतर लाईट आली, त्यामुळे विहिरीकडे कुणी बघितलंही नाही. विहीर म्हणजे मोटरचं एक टोक, एवढंच उरलं होतं. पाईपाच्या खालच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला, मोटरने एअर घेतली, की प्लंबरला फोन, तेव्हाच काय ती जाळी उघडायची.

जाळीचीही एक गोष्ट आहे. आरोग्य खात्याची माणसं येतात, टॉर्च मारून आत बघतात, अळ्या आहेत का. शहरातला मलेरिया पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस स्टिफेन्सी डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, विहिरी आणि उघड्या टाक्या त्याला फार मानवतात. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मलेरियाचा अहवाल दिला, त्यानंतर तिथल्या कितीतरी विहिरी झाकल्या किंवा बुजवल्या गेल्या. लोकांनी विरोधही केला, काहींच्या धर्माचा प्रश्न होता. चर्चगेटजवळची भिखा बेहरामची विहीर १७२५ सालची, ती अजून आहे, पारशी लोकांनी जपली. आमच्याकडे गप्पी मासे सोडलेत, पूर्वी एक कासवही होतं म्हणे. मी हे सांगतेय कारण विहीर बुजवणारा प्रत्येक जण काही दुष्ट नसतो. डासाची भीती खरी आहे, लहान पोर पडेल ही भीती खरी आहे. उघडी विहीर ही सांभाळायची गोष्ट आहे, आणि सांभाळणारं माणूस घरात लागतं.

त्या संध्याकाळी मुलगा मेणबत्तीशेजारी कागद घेऊन बसला. त्याला इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष. म्हणाला, आई, आपल्या वरच्या टाकीत हजार लिटर मावतं, विहिरीतल्या पाण्यापासून टाकी धरून चालू दहा मीटर उंच, तर ते पाणी चढवायला किती वीज लागते सांग. मी म्हटलं, मोटर तर बराच वेळ चालते, एखादं युनिट. त्याने गणित दाखवलं. हजार किलो, दहा मीटर, अठ्ठ्याण्णव हजार ज्यूल. एका युनिटमध्ये छत्तीस लाख ज्यूल असतात. म्हणजे युनिटचा साधारण सदतिसावा हिस्सा. मोटरमधलं, पाईपमधलं नुकसान धरून तिप्पट करा, तरी युनिटच्या दहाव्या भागाच्या आत. नऊ वॅटचा एलईडी बल्ब तीन तास जळायला जेवढी वीज लागते तेवढंच काम आहे ते मुळात, एवढ्यासाठी अख्खी गल्ली अडून बसली होती. मला ते खरंच वाटेना, दोनदा मांडायला लावलं.

आणि तरी मावशींनी आणि पोरांनी दिवसभर ओढलेलं पाणी आठवलं की हा आकडा फसवा वाटतो. दहा लिटरची बादली म्हणजे दहा किलो, हजार लिटर म्हणजे शंभर बादल्या. ज्यूल कमी असतील, खांद्याला ते कमी वाटत नाहीत. रहाट असता तर? मुलगा म्हणाला, एका चाकाच्या रहाटाने वजन काही कमी होत नाही, दहा किलोला दहा किलोचाच जोर लागतो, फक्त दिशा बदलते. वाकून वर ओढायच्या ऐवजी सरळ उभं राहून खाली ओढायचं, म्हणजे आपल्या अंगाचं वजन कामाला येतं आणि कंबर वाचते. सासूबाई अंधारात ऐकत होत्या. "कंबर वाचते," त्या म्हणाल्या, "खांदा नाही वाचत."

मग थोड्या वेळाने, कुणी विचारलं नसताना, त्यांनी दुसरंच सांगितलं. आम्ही दिवसभर कोण कोण पाणी घेऊन गेलं ते आठवत होतो, त्यावरून असेल. म्हणाल्या, मी आले तेव्हा टोपलीचे संडास होते, साफ करायला एक बाई यायची, मागच्या फाटकाने. तिला पाणी हवं असायचं पण विहिरीला हात लावायचा नाही. फाटकाशी एक दगड होता तिथे ती डबा ठेवून लांब उभी राहायची आणि मी वरून ओतायचे. उंचावरून, शिंतोडा परत आपल्यावर येणार नाही असं. मला सासूने शिकवलं होतं किती उंचावरून. "उन्हाळ्यात कधी कधी मला यायला उशीर व्हायचा," त्या म्हणाल्या, "ती थांबायची. हाक नाही मारायची. पाणी समोर असायचं हो तिच्या."

कुणी काही बोललं नाही. बाहेर कुणाचा तरी जनरेटर लांबवर धडधडत होता.

पुण्यात जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद १८६८ साली सगळ्यांना खुला केला होता. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ ला ओंजळीत घेतलं. हे आम्ही शाळेत शिकलो, तारखा पाठ केल्या, भाषणं केली. १९६६ मध्ये चरईतल्या एका अंगणात, तळ्याच्या सत्याग्रहाला चाळीस वर्षं होत आलेली असताना, एक बाई डबा ठेवून उभी होती आणि माझ्या सासूबाई, ज्यांच्याकडून मी माणसांशी कसं वागायचं ते शिकले, त्या वरून ओतत होत्या. सकाळी आम्ही दोघी कठड्याशी उभ्या होतो, पाणी दिसत होतं आणि मिळत नव्हतं, तर मला ते केवढं वाटलं होतं. आमची तर नुसती वीज गेली होती, तीही एका दिवसापुरती. तिची विहीर रोज समोर होती, रहाट होता, दोर होता, तिला ओढता येत होतं. विहिरीबद्दल घरात इतक्या गोष्टी सांगितल्या जातात, गोड पाण्याच्या, कासवाच्या, दिवाळीत कठड्यावर लावलेल्या पणत्यांच्या. ही गोष्ट मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकली. आणि मला वाटतं मावशींना त्याच कठड्यावर बादली टेकवताना बघितलं नसतं तर सासूबाईंनी ती सांगितलीही नसती.

लाईट दुसऱ्या दिवशी पहाटे आली. सगळ्या बिल्डिंगींचे पंप एकदम सुरू झाल्याचा आवाज आला.

आता हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण निराळं आहे. आमचं घर आणि शेजारचे दोन प्लॉट मिळून रिडेव्हलपमेंटला चाललेत. आर्किटेक्टने नकाशा दाखवला, त्यात विहिरीच्या जागी चार गाड्यांचं स्टॅक पार्किंग, गाडीवर गाडी. मी विचारलं, विहीर? तर म्हणाले, मॅडम, पावसाचं पाणी जिरवायची सोय तशीही सक्तीची आहे, बाजूला रिचार्ज पिट देतोच आपण. पण जिरवणं आणि काढता येणं यात फरक आहे. आमच्या भागात पाणी वरच आहे, तलावपाळी इथून चालत पाच मिनिटांवर, मुरमाच्या थराखाली पावसाळ्यात दहा फुटांवर आणि ऐन मे महिन्यातही अठरा फुटांच्या खाली न जाणारं पाणी. ही चैन सगळ्या शहराला नाही. आसपासच्या किती विहिरी बिल्डिंगींखाली गेल्या त्याचा हिशेब नाही, त्यातल्या काही तर रस्त्याने जाताना मी अजून जागेवरून ओळखते, इथे हिची होती, इथे त्यांची, कडूनिंबाखालची. मला ही जाऊ द्यायची नाही. आणि नुसती काचेखाली दिवे लावून शोभेला ठेवलेली विहीरही नको. जिथून लाईट नसताना पाणी निघेल अशी हवी.

मी घरी म्हटलं, आपण रहाट परत बसवून मागू, खांब तर आहेतच. नवऱ्याचा चेहरा उजळला. सासूबाई म्हणाल्या, "रहाट कशाला? हापसा बसवा." आम्ही बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "रहाट तुम्हाला बघायला हवाय. ओढणार कोण? पुन्हा एखादी मावशीच. हापशाला म्हातारी पण लटकते आणि पोर पण." मग मुलाने शोधलं आणि त्यांचंच बरोबर निघालं. वरून खेचणारा साधा हापसा हवेच्या दाबावर चालतो, हिशेबाने १०.३ मीटर आणि व्यवहारात सातेक मीटरपर्यंत पाणी उचलतो, आमची मे मधली पातळी त्याच्या आतच आहे. त्याहून खोल असेल तर खेड्यात बोअरवर दिसतो तसला लागतो, ज्याचा सिलिंडर खाली पाण्यातच असतो, तो इंडिया मार्क टू, युनिसेफच्या मदतीने सत्तरच्या दशकात तयार झालेला आणि त्याचं मूळ आपल्या सोलापूरच्या पंपात. आणि हापसा असला की विहिरीला पक्कं झाकण घालता येतं, डास नाहीत, पोर पडायची भीती नाही, आरोग्यवाले खूश. दोर कुजायचा प्रश्न नाही, बादली तरंगायचा प्रश्न नाही. वॉशर वर्षा-दोन वर्षांनी बदलायचं, आणि तो अधूनमधून चालवत राहायचा, पडून राहिला की आतलं चामडं वाळतं आणि मग ऐनवेळी हवाच खेचत बसतो. त्यामुळे झाडांना पाणी हापशाचंच घालायचं, मोटरचं नाही, असंही ठरवलं.

तेव्हा मागण्यांच्या यादीत मी माझ्या हाताने लिहिलंय, विहीर आहे तिथेच राहील, काँक्रीटचं झाकण, त्यात माणूस उतरण्याएवढं कुलपाचं दार, वर हापसा, आणि हापशाकडे यायची वाट बिल्डिंगच्या आतून नाही तर गल्लीच्या बाजूने. या शेवटच्या ओळीवर आर्किटेक्ट अडले. गल्लीच्या बाजूने वाट दिली तर कंपाउंडची भिंत मागे घ्यावी लागते, एक पार्किंग जातं, आणि सिक्युरिटीचा प्रश्न, कुणीही येईल. मी म्हटलं, कुणीही यावं म्हणूनच. सासूबाईंनी तर त्याखाली आणखी एक ओळ घालायला लावली, तिकडच्या फाटकाला कुलूप नको. शेजारच्या दोन्ही घरांनी सही केली आहे. आमच्याकडे मोठ्या दिरांची बाकी आहे, त्यांच्या दोन गाड्या आहेत, आणि जाणारं पार्किंग बहुतेक त्यांच्याच वाट्याचं असणार. रविवारी ते जेवायला येणार आहेत, तेव्हा सासूबाई स्वतः बोलणार म्हणाल्या आहेत.